काजळ पुसलं तेव्हा

वाकडा कालवा

नीरेचा डावा कालवा माझ्या टेबलावर वाकला, ती दुपार मला अजून स्वच्छ दिसते. त्यानंतरचे कित्येक महिने मात्र धुक्यात आहेत, त्यामुळे सांगताना काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीत पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. मूळ नकाशावर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं वर उतरवायची, एवढंच काम. लोकांना ते कंटाळवाणं वाटायचं. मला मात्र त्यात गुंगी यायची. कालवा, त्याच्या चाऱ्या, गावांच्या शिवा, ओढे. दुपारी पंखा फिरत असायचा, खिडकीतलं ऊन टेबलावर सरकत यायचं आणि मी पेनाच्या टोकावर बसून बारामतीहून पार इंदापूरपर्यंत जाऊन यायचे. आमचं लासुर्णे वाटेत लागलं की उगीच जरा रेंगाळायचे.

त्या दुपारी सणसरच्या जवळ रेघ हलायला लागली. आधी वाटलं शाई पसरली. पेन पुसलं, पुन्हा टेकवलं. रेघ पाण्यात धरल्यासारखी हलतच होती. मी पट्टी लावून बघितली, तर पट्टीच वाकडी. ती उचलून साहेबांकडे घेऊन गेले.

"साहेब, ही पट्टी वाकलीय."

साहेबांनी पट्टी डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटून बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. "सुमनबाई, पट्टी सरळ हाय. तुमी आज घरी जावा."

एसटीत खिडकीशी बसले. बाहेर ऊस होता, पण त्याची पानं वेगळी दिसत नव्हती, सगळा हिरवा रंग एकमेकांत मिसळून सावकाश मागं जात होता. गावात उतरले तेव्हा दिवे लागले होते आणि प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं होतं. खरं सांगते, मला ते आवडलं. दुखणं असं सुंदर रूप घेऊन येतं हे कुणी सांगितलं असतं तर मी तेव्हाच घाबरले असते. मी दारातल्या दिव्याकडे बघत बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

भोंगा

डोळ्यांच्या आधी डोकं दुखत होतं आणि मान आखडली होती. त्याच्या बरोबरीनं कानात आवाज सुरू झाला. माझे वडील, आप्पा, साखर कारखान्यात फिटर होते. कारखान्याचा भोंगा आमच्या घरी ऐकू यायचा आणि त्यावर आमचं उठणं, जेवणं, सगळं चालायचं. एका सकाळी मी भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हटलं, "आप्पा, आज भोंगा थांबंना कसा?"

आप्पा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "भोंगा कवाच थांबला, बाळा," ते म्हणाले. "मी कामाला निघालो न्हाय का आता?"

मग डॉक्टर सुरू झाले. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. कानाच्या डॉक्टरांनी कानात घालायला थेंब दिले. एव्हाना डोळे लालभडक झाले होते, आणि नेमकी तेव्हा डोळ्यांची साथ चालू होती. प्रत्येक घरात कोणी ना कोणी काळा चष्मा लावून बसलेलं. बारामतीच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी थेंब दिले, त्यानं लाली उतरली, जरा दिसायला लागलं, आणि थेंब थांबवले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्या कुणालाच मी दोष देत नाही. कानाच्या डॉक्टरांना मी कान दाखवला, डोळ्याच्या डॉक्टरांना डोळे. भोंग्याबद्दल डोळ्याच्या डॉक्टरांना कशाला सांगायचं? ते म्हणाले असते, बाई, कानाचं मला काय सांगता. हे असं तुकडे तुकडे करून दाखवल्यामुळं माझं दुखणं कुणालाच पुरतं भेटलं नाही. हे लिहिण्याचं एक कारण तेच आहे.

आईची बोटं

दिवाळी झाली आणि मी बिनपगारी रजेवर घरी बसले. तोवर माणसांचे चेहरे गेले होते. रंग दिसायचे, हालचाल दिसायची. आई म्हणजे एक हिरवट आकार, धाकटी रंजू म्हणजे बांगड्या, आप्पा म्हणजे तेलाचा वास आणि चपलेची फरफट. दुपारी ओट्यावर बसले की उजेड पाण्यासारखा आत शिरायचा आणि मी त्यात अर्धवट जागी, अर्धवट झोपेत तरंगत राहायचे. बोटानं गोधडीवर कालवा काढायचे. बारामती, सणसर, लासुर्णे. बोटाला सगळं पाठ होतं. पण आपण आंधळी होणार, हे मला त्या तरंगण्यातही कळत होतं. नकाशे गेले तर मी करणार काय? मला दुसरं काही येतच नव्हतं.

आई माझी वेणी घालायची. फणी डोक्याला लागली की मी कळवळायचे. केसांची मुळंच दुखायची.

"आई, हळू की गं."

"हळूच करतीय," ती म्हणायची. पूर्वी ती वेणी घालताना सगळ्या गावाची उणीदुणी काढायची. आता गप्प असायची. तिची बोटं मध्येच थांबायची, कानामागचे केस वर करायची, पुन्हा खाली सोडायची. मग तेल चोपडून वेणी घट्ट आवळायची.

त्याच सुमारास तिनं मला काजळ लावायला सुरुवात केली. एरंडेलाच्या दिव्यावर स्वतः धरलेलं.

"डोळे दुखतायत, त्यात काजळ कशाला?"

"थंड आसतंय. गप बस."

मी गप्प बसले. आजारी माणसाला सगळ्यांचं ऐकायची सवय लागते.

आईबद्दल एक सांगायला हवं. आमच्या घराण्यानं छप्पन्न साली धम्म घेतला, तेव्हा आई परकरी पोर होती. तेव्हापासून नवस, अंगारे, उतारे सगळं तिनं सोडलेलं, आणि त्याचा तिला भारी अभिमान. माझं ऐकून शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "नरसिंगपूरच्या द्येवाला बोला काहीतरी. पोरीच्या डोळ्याचा प्रश्न हाय."

आई ताठ आवाजात म्हणाली, "आमी बोलणं सोडून लई वर्सं झाली, काकू. आमी डाक्टरकडंच जाणार."

ती विहारात जाऊन मेणबत्ती लावून यायची, तेवढंच. अशी माझी आई. तिनं अंगारा सोडला, भूतखेत सोडलं, पण एक भीती तिच्या मनात तशीच राहून गेली होती. ती मला इंदापूरला गेल्यावर कळली.

इंदापूर

इंदापूरचं नाव साहेबांनी काढलं. माझी चौकशी करायला ते घरी आले होते. त्यांच्या आईचा मोतीबिंदू इंदापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी काढला होता. "त्या माणसाला लवकर सोडत न्हाईत," साहेब म्हणाले. "पार आज्ज्या-पणज्यापासनं इचारत बसत्यात. म्हातारी वैतागली हुती. पण जाऊन तर बघा."

निघायच्या सकाळी आईनं दोनदा काजळ लावलं. एकदा घरात आणि पुन्हा एसटी स्टँडवर, पदराआड डबी धरून.

तपासायच्या खोलीत अंधार केला होता. डॉक्टरीणबाईंच्या हाताला स्पिरिटचा वास होता. त्यांनी माझी हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली आणि लगेच थांबल्या.

"काजळ कुणी लावलंय?"

"आईनं. थंडाव्याला."

"इतके लाल डोळे, आणि त्यात काजळ?" त्या रागावल्या नव्हत्या, नवल करत होत्या. "सिस्टर, ओला कापूस द्या."

"ऱ्हाऊ द्या की बाई," आई मागून घाईघाईनं म्हणाली. "घरचं हाय. त्येनं काय हुतंय."

"मावशी, मला पापण्यांच्या कडा बघायच्यात."

कापूस गार होता. तो उजव्या डोळ्यावरून फिरला, मग डाव्या. पुन्हा उजव्या. इतकी शांतता झाली की कानातला भोंगा मला परत ऐकू आला.

"दिवा लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे वळवला. "कानात काही आवाज येतो का गं?"

मी दचकले. "येतो. आता कमी झालाय."

"सुरुवातीला डोकं दुखलं? मान आखडली?"

"हो."

"केस विंचरताना डोक्याला फणी सोसत नाही?"

माझ्या खांद्यावर आईचा हात होता, तो आवळला गेला. मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या पापण्यांनी. पांढऱ्या झाल्यात. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. आरशात मला नुसता एक सावळा डाग दिसायचा, त्याला पापण्या कुठून असणार? डॉक्टरीणबाईंनी माझी वेणी सोडली. कानामागं केसांची एक बट पांढरी होती आणि मानेवर कातडीचा लहानसा तुकडा पांढरा पडला होता. आईच्या बोटांना हे सगळं कधीचं ठाऊक होतं.

"म्हंजे कोडच न्हवं का, बाई?" आई रडायला लागली. "मला वाटलंच हुतं."

"कोडाचं काय घेऊन बसलात, मावशी? कोडानं कुणी आंधळं होत नाही. पोरीची नजर जातीय आतून." त्या पुढं काहीतरी बोलणार होत्या, पण आईकडं बघून थांबल्या असाव्यात. मग हळू म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही. आजपासूनच हिला इथं ठेवा."

घरचाच कुत्रा

रोगाचं नाव तीन परक्या आडनावांचं होतं. मला ते पहिल्यांदा ऐकताना गाडी रुळावरून गेल्यासारखं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी पुस्तकात वाचला होता आणि फार पूर्वी, शिकत असताना, एक रोगी बघितला होता. तो त्यांना त्याच्या पापण्यांमुळं लक्षात राहिला होता.

"कसंय," त्या म्हणाल्या, "आपण राखणीला कुत्रा पाळतो. एखाद दिवशी तो बिथरतो आणि घरच्याच माणसाला चोर समजून चावतो. तुझ्या शरीराची राखण करणारं जे आहे ते तुझ्या अंगातल्या रंगाच्या मागं लागलंय. डोळ्यात आत रंग असतो, कानात असतो, केसात, कातडीत. सगळीकडे चावलंय ते. दुखणं एकच आहे."

"मग कुत्र्याला मारायचा?"

"बांधून घालायचा. मारला तर राखण कोण करणार?"

माझ्या डोळ्यांच्या पडद्याखाली पाणी साठलं होतं. कालवा वाकला होता तो त्या पाण्यामुळं.

निरोप मिळाल्यावर आप्पा आणि रंजू आले होते, आणि दारामागच्या बाकावर आमच्या घरचे बोलत होते. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही. पण डोळे गेल्यावर माझे कान, भोंगा असूनही, तिखट झाले होते. रंजूची सोयरीक लोणी देवकरच्या एका मुलाशी जुळत आली होती. मुलगा तिथल्या कारखान्यात कायम होता.

"थोरलीला कोड हाय म्हणल्यावर धाकटीला कोण करंल?" आई आप्पांना सांगत होती.

त्यावर रंजू असा आवाज काढून बोलली, जो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "माझ्या लग्नापायी ताईचं डोळं घालवणार हुतीस व्हय तू?"

"आगं, मला काय म्हाईत, पापणीचं आन नजरंचं एकच दुखणं आसंल म्हणून?" आई म्हणाली. "मला वाटलं, डोळं हुत्याल बरं. ह्ये जल्माचं बोट लागंल, म्हणून झाकलं."

मला आईचा राग आला. भयंकर राग आला. जी गोष्ट मला स्वतःला दिसू शकत नव्हती, ती तिनं मलासुद्धा सांगितली नव्हती. आणि त्याच वेळी ती एसटी स्टँडवर पदराआड डबी धरून उभी असलेली मला आठवत होती, आणि त्यामुळं धड रागावताही येईना.

वरची खोली

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बायकांच्या चार खाटा होत्या. तीन खाटांवर मोतीबिंदू काढलेल्या म्हाताऱ्या, एका डोळ्यावर पट्टी, वर हिरवं फडकं. चौथ्या खाटेवर मी. सकाळी डॉक्टरीणबाई यायच्या. हातात सुई, बाटलीतून औषध, डोळ्यात थेंब. त्या थेंबांनी बाहुली एवढी मोठी व्हायची की उजेड आवरायचा नाही. सगळी खोली दुधात बुडायची. खिडकी कुठली, भिंत कुठली, काही कळायचं नाही, आणि त्या पांढऱ्या उजेडात फक्त आवाज असायचे. खाली एसटीचा कंडक्टर ओरडतोय, कुणी भांडी घासतंय, म्हाताऱ्या बोलतायत. दुपार कधी संपते आणि दुसरी कधी लागते ते मला कळेनासं झालं होतं.

आई माझ्या खाटेखाली सतरंजीवर असायची. ती मला भरवायची, तोंड पुसायची, हात धरून मोरीकडे न्यायची. आम्ही बोलत नव्हतो.

शेजारच्या खाटेवर नरसिंगपूरच्या गोदाकाकू होत्या. जीभ तिखट. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आगं, तू तरणीताठी. आमा म्हातारीकोतारीत तुजं काय काम?" मी सांगितलं. मग त्यांनी मला त्यांच्या घाटाबद्दल सांगितलं. नीरा आणि भीमा तिथं मिळतात, पण मिळाल्या मिळाल्या एक होत नाहीत. थोडा वेळ दोन रंगांची पाणी शेजारी शेजारी चालतात. "एक जरा गढूळ, एक जरा नितळ," त्या म्हणाल्या. "सासू-सुनंवानी. मग पुढं कवा मिसळत्यात, त्यांचं त्यांस्नी ठावं."

तो संगम मी शाईनं कितीदा काढला होता. माझ्या नकाशात दोन रेघा येऊन तिथं एक होत होत्या. पाण्याचा रंग नकाशात नसतो. त्या पांढऱ्या दुपारी मी पडल्या पडल्या घाटावर जाऊन बसायचे आणि दोन्ही पाण्यांत पाय सोडायचे.

एकदा गोदाकाकूंना आमचं मुकेपण सोसेना. "ह्या मायलेकी काय मुक्या हायत का वं?" त्यांनी सगळ्या खोलीला विचारलं. मग त्या आईला म्हणाल्या, "झाकलंस म्हणं पोरीचं. मला सिस्टरनं सांगितलं. आगं, मी माजा मोतीबिंदू लपीवला हुता. सून म्हणंल, म्हातारी कामाची ऱ्हायली न्हाय. सगळं हातानं चाचपून करायची. तांदूळ निवडायची ते बी चाचपूनच."

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय? ल्योकाचा दात तुटला भातातल्या खड्यानं. तवा घावले."

आई हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत हसली, आणि हसता हसता तिचा सूर बदलला. मी हात खाली सोडला. तिचं डोकं हाताला लागलं. मी तो हात तसाच ठेवला.

चौकट

डॉक्टरीणबाई रोज एकच प्रश्न विचारायच्या. "दाराची चौकट कशीय?"

"वाकडी."

"उद्या बघू."

औषधानं मला राक्षसासारखी भूक लागायची. आप्पा डब्यात भाकरी आणायचे, आणि मी ती संपवून म्हाताऱ्यांच्या बिस्किटांवर डोळा ठेवायचे. डोळा म्हणजे नाक. गोदाकाकू बिस्किटं उशीखाली लपवायच्या आणि मुद्दाम कागद वाजवायच्या. त्या घरी गेल्या तेव्हा उरलेला पुडा माझ्या हातात देऊन गेल्या.

एका सकाळी मी उठले तेव्हा थेंब अजून घातले नव्हते. दाराची चौकट समोर होती. मी बघत राहिले. तिची उजवी बाजू जमिनीपासून वरपर्यंत सरळ जात होती. मला भरवसा वाटेना. डोळे मिटले, उघडले. सरळ होती. निळ्या ऑइलपेंटची, एका जागी टवका उडालेली चौकट. माझ्या आयुष्यात मी इतकी सुंदर गोष्ट बघितली नाही.

आई चहा घेऊन त्या चौकटीत येऊन उभी राहिली. तिला चेहरा होता. नाक, कपाळ, हनुवटीवरचं गोंदण. माझ्या आठवणीत तिचे केस काळे होते. समोर उभ्या बाईचे केस जवळजवळ सगळे पांढरे होते.

"आई," मी म्हटलं, "तुझे केस किती पिकले."

तिनं चहा खाटेजवळ खाली ठेवला. मग म्हणाली, "व्हय. तुज्या पापण्यास्नी सोबत नगं?"

आम्ही दोघी रडलो. चहा गार झाला.

बाळसं

गोळ्या पुढं पुष्कळ दिवस चालल्या. त्यांनी माझा चेहरा पुरीसारखा फुगला. गावात बायका म्हणायच्या, "सुमनला दवाखाना मानवला. बाळसं धरलंय." मी हसायचे आणि घरी येऊन चिडचिड करायचे. गोळ्या मनासारख्या थांबवायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या, हे डॉक्टरीणबाईंनी मला दहादा बजावलं होतं. ज्यांना हे दुखणं असेल त्यांना मीही तेच बजावते.

रंजूच्या सोयरिकीची माणसं घरी आली तेव्हा मी आतच बसावं अशी आईची इच्छा होती. ती तसं बोलली नाही, पण तिनं मला तीनदा विचारलं, "आत पडतीस का जरा?" रंजूनं माझा हात धरून मला बाहेर आणलं. "ही माझी थोरली बहीण," ती म्हणाली. माणसांनी माझ्याकडे बघितलं, चहा घेतला, "कळवतो" म्हणाली. कळवलं नाही. रंजू म्हणाली, बरं झालं, आधीच कळलं. पुढं तिचं लग्न बारामतीत झालं. जावई माणूस चांगला आहे, पण त्या चांगुलपणाची वाट बघण्यात आईची दोन-तीन वर्षं फार वाईट गेली, ते मी लपवत नाही.

मी टेबलावर परत गेले. साहेबांनी तीच पट्टी माझ्यापुढं ठेवली. "सरळ हाय का आता?"

"सरळ हाय," मी म्हटलं.

उजवा डोळा जवळजवळ पूर्ण आला. डावा थोडा मागं राहिला. त्या एकट्या डोळ्यानं बघितलं तर कालवा अजूनही सणसरपाशी किंचित वाकतो. पापण्या पांढऱ्या त्या पांढऱ्याच राहिल्या. मला त्यांची सवय झाली. आईला झाली नाही. मी बाहेर निघाले की ती काजळाची डबी हातात घेऊन दारात उभी राहायची. लाव म्हणायची नाही. नुसती उभी राहायची, आणि मी चपला घालून निघून जायचे.

बाकावर

मग इंदापूरला तपासणीची एक खेप होती. आई बरोबर होती. बाहेरच्या लांब बाकावर माणसं खेटून बसली होती. डोळ्यांची साथ पुन्हा आली होती. दाराजवळच्या टोकाला मी, माझ्या शेजारी आई. पलीकडच्या टोकाला एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसली होती. मुलगी वयात आलेली, डोळे लाल, आणि त्या लाल डोळ्यांत भरभरून काजळ.

आई त्या मुलीकडे बघत राहिली. बराच वेळ बघितलं. मग उठली आणि बाकाच्या त्या टोकाला, त्या बाईशेजारी जागा करून बसली.

"पोरीला काय झालंय?"

"डोळं आल्यात. साथ हाय न्हवं."

"काजळ कशापायी?"

"थंड आसतंय."

आईनं मान हलवली. "मी बी ह्येच म्हणत हुते," ती म्हणाली.

बाई काही न कळून तिच्याकडे बघू लागली. आई म्हणाली, "काय झाकायचं आसंल त्ये घरी झाका. हितं नगं. डाक्टरला काय दिसायचं त्ये दिसू द्या." बाई आक्रसून मुलीजवळ सरकली. तेव्हा आईनं माझ्याकडे बोट केलं आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ती बघा माजी लेक. पापण्या पांढऱ्या हायत तिच्या. मी काजळाखाली झाकल्या हुत्या. तिची नजर जाता जाता ऱ्हायली. माज्या हातानं."

सगळं बाक माझ्याकडे वळलं. एरवी मी मान खाली घातली असती. त्या दिवशी मी डोळे उघडे ठेवून बसले.

कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. आईनं पेल्यात पाणी घेऊन पदराचं टोक त्यात बुडवलं आणि त्या मुलीची हनुवटी धरून तिचे डोळे पुसले. मुलगी मुकाट्यानं बसून होती. तिच्या पापण्या काळ्याभोर निघाल्या. तिचं दुखणं खरंच साथीचं होतं, दुसरं काही नव्हतं. तिची आई रागानं म्हणाली, "बघितलंसा? काय झाकलं हुतं आमी?"

"न्हाय, बाई," आई म्हणाली. "लई बरं झालं."

तेवढ्यात सिस्टर बाहेर आली आणि ओरडली, "मावशी, साथीचे डोळे पदरानं काय पुसताय? जा, साबणानं हात धुऊन या." आई निमूट गेली, हात धुऊन आली आणि परत माझ्या शेजारी बसली. तिनं फिकट पिवळं पातळ नेसलं होतं. पदराचं टोक तिनं अंगापासून लांब, गुडघ्यावर धरलं होतं.

"आई, पदराला डाग पडलाय," मी म्हटलं.

तिनं पदराकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"दिसतोय व्हय तुला?"

"दिसतोय," मी म्हटलं.